यमूचा हलणारा दात

पत्र थोडक्यात असं. लेखिका इंदूरच्या, वय छत्तीस, नोकरी सांभाळून गेली तीन वर्षं मराठीत एक कादंबरी लिहितायत. नायिका यमू, आठ वर्षांची. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती हाती लागत नाही असं दिसल्यावर तिच्या विधवा आत्यानं, जी स्वतः आधीच व्हॅम्पायर झालेली होती, तिला चावून ‘वाचवलं’. तेव्हापासून दोघी इंदुरातच आहेत, रात्रीच्या आधारानं. कादंबरी अर्ध्यावर आली आणि अडली. जाऊबाईंनी खर्डा वाचून विचारलं, ‘घरात आठ वर्षांची पोर असताना तुला हे सुचतं तरी कसं?’ प्रकाशक म्हणतात, यमूला सोळाची करा आणि एक प्रेमप्रकरण घाला, ‘ती खरं तर शंभरीच्या पुढची आहे ना, मग हरकत काय?’ यमूचं मन आठ वर्षांचंच ठेवावं की म्हातारं, आणि शेवटी तिला मारावं की नाही, हे लेखिकेचं ठरत नाही. पत्राची शेवटची ओळ अशी: ‘मी आई म्हणून चुकतेय का?’

ताई, नमस्कार.

शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण तिचं ओझं उतरल्याशिवाय पुढचं काही लिहिलं जायचं नाही. नाही, तुम्ही चुकत नाही आहात. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. तुमच्या घरी श्रावणात जिवतीचा कागद लावतात का? पुढच्या श्रावणात तो जवळ जाऊन बघा, आणि जाऊबाईंनाही दाखवा. नरसिंह असतो, कालियावर नाचणारा कृष्ण असतो, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असतात, आणि अंगाखांद्यावर मुलं खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका असतात. यातली जरा महाभारताच्या सभापर्वात भेटते. मांस आणि रक्त हेच जिचं अन्न, अशी ती राक्षसी. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं आणि ते दोन तुकडे चौकात टाकून दिले गेले. जरेनं ते उचलले, न्यायला सोपे पडावेत म्हणून एकत्र धरले, तर ते सांधले गेले आणि मूल रडायला लागलं. खायला आलेली ती, तिला ते खाववेना. राजाकडे नेऊन दिलं. म्हणून तो जरासंध.

त्या रक्त पिणारीला आपल्या आज्यांनी भिंतीवर जागा दिली, पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि तिच्यासमोर पोरांना पाटावर बसवून ओवाळलं. मूल हातातून जाईल ही भीती आणि मूल राहो ही प्रार्थना एकाच कागदावर छापलेली आहे. तुम्ही त्याच कागदावर लिहिताय.

तुमची आत्या जराच आहे. फक्त तिनं मूल परत दिलं नाही.

आणि इथंच तुमची कादंबरी अडलीय असं मला वाटतं. पत्रात तुम्ही यमूबद्दल दोन पानं लिहिलीत आणि आत्याबद्दल जेमतेम चार ओळी. पण ‘वाचवलं’ हा शब्द तुम्हीच अवतरणात टाकलात, म्हणजे तुम्हाला आतून ठाऊक आहे. लहान व्हॅम्पायर आपोआप होत नाही. कुणीतरी मोठ्या माणसानं ते केलेलं असतं: कधी एकटेपणापायी, कधी मायेपायी, कधी निव्वळ हौसेपायी. मुलाला विचारलेलं नसतं. त्यामुळे अशा प्रत्येक गोष्टीत खरा प्रश्न त्या मोठ्या माणसाला विचारायचा असतो. या प्रकारातली सगळ्यांना आठवणारी मुलगी म्हणजे अ‍ॅन राइस यांच्या १९७६ च्या कादंबरीतली पाच वर्षांची क्लॉडिया. तिचा सगळा संताप तिला तसं करणाऱ्या दोघांवर आहे. राइसबाईंची स्वतःची मुलगी १९७२ मध्ये ल्युकेमियानं गेली. तिला सहा वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती. आई असताना असं सुचतं कसं, हे जाऊबाईंना सांगायचं असेल तर एवढं सांगा. त्यांच्याशी भांडू नका मात्र. त्यांनी खर्डा पूर्ण वाचला आणि त्या हादरल्या, म्हणजे लिखाण पोचलंय.

आता प्रकाशकांचं म्हणणं. इथं मी तडजोडीचा सल्ला देणार नाही. प्रेमप्रकरण नको, ना आठव्या वर्षी, ना सोळाव्या. ‘शरीर मुलीचं असलं तरी ती खरं शंभर वर्षांची आहे’ हा युक्तिवाद कागदावर टिकत नाही, कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते शरीर. त्या शरीराकडे त्या नजरेनं बघायला लावलं, तर ते लेखकानं केलेलं असतं, तिच्या वयाचा हिशेब काहीही असो. कायद्याचंही सांगते. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो, म्हणजे सोळा करून काही सुटत नाही. आणि मुलांचं अश्लील चित्रण, मग ते नुसत्या मजकुरातलं का असेना, इंटरनेटवर टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे. प्रकाशक ई-बुक काढणार असतील तर त्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

पण कायद्यापेक्षा मला तुमच्या कथेच्या काळाची काळजी जास्त आहे. १९१८ मधली आठ वर्षांची मुलगी. ‘अष्टवर्षा भवेद् गौरी’ हे वचन तोंडपाठ असलेली घरं तेव्हा आपल्याच आळीत होती. आठव्या वर्षी मुलगी लग्नाची झाली असं मोठी माणसं ठरवत. ब्रिटिश मुलखात मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा आला तो १९२९ मध्ये. तुमची आत्या विधवा आहे, म्हणता. कितव्या वर्षी झाली? नवव्या, दहाव्या? मग लहान अंगावर मोठेपण लादणं म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत असेल? आणि तीच बाई यमूच्या बाबतीत काय करून बसली! तुम्हाला प्रेमकथेची गरजच नाही, ताई. या दोघींमध्ये एवढं साठलेलं आहे की ते दोनशे पानांत मावायचं नाही.

याच कारणासाठी यमूची वागणूक तुमच्या लेकीवरून बेतू नका. तुमची लेक गणिताच्या वहीत स्टिकर लावते. यमूला त्या वयात शेर-पायलीचा हिशेब येत असेल, ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरत असेल, लग्न झालेल्या मैत्रिणीला निरोप देऊन आली असेल. दोन्ही मुलीच, पण बालपण वेगळं.

सोळाचं म्हणणं वय वाढवण्यापुरतं असेल तर त्याचाही विचार करून बघू. क्लॉडियाचं वय पडद्यावर वाढत गेलं. १९९४ च्या चित्रपटात ती दहा-बारा वर्षांची दिसते, २०२२ च्या मालिकेत चौदाची केली. पडद्यावर खरंखुरं मूल उभं करावं लागतं, त्याच्याकडून तासन्‌तास काम करून घ्यावं लागतं, म्हणून ते समजू शकतं. कागदावर ती अडचण नाही. आणि सोळाची मुलगी ही वेगळीच गोष्ट होते. ती एकटी राहू शकते, खोटं वय सांगू शकते, आत्याला सोडून जाऊ शकते. आठ वर्षांची यमू आत्याला सोडून जाऊ शकत नाही. तुमच्या कथेचा कणा तो आहे.

मनाचं वय काय ठेवावं, यावर तुम्ही फार डोकं शिणवलेलं दिसतंय. तुम्ही असं धरून चाललात की दोनच वाटा आहेत: एक तर भाबडं मूल, नाहीतर मुलीच्या अंगातली म्हातारी. मला तसं वाटत नाही. चांगदेवांची गोष्ट आठवा. चौदाशे वर्षं जगलेले योगी, त्यांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, आणि मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. म्हणणारी ती केवढीशी! आपल्या परंपरेनं वय आणि जाण यांची गाठ केव्हाच सोडवून ठेवलीय.

यमूला शंभर वर्षांच्या आठवणी असतील, तीन भाषा येत असतील, होळकरांचा दरबार आणि मेट्रोचे खांब दोन्ही तिनं पाहिले असतील. पण धीर धरणं, राग गिळणं, ‘आत्ता नको, नंतर’ हे स्वतःला सांगणं, याला मेंदूचा कपाळामागचा भाग लागतो आणि तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. तिचा आठव्या वर्षीच थांबला. म्हणजे तिला माहीत सगळं आहे, आवरता मात्र येत नाही. कुणाच्या घरी जायचं नाही हे तिनं पन्नास वेळा कबूल केलेलं असेल, आणि एकावन्नाव्या वेळी तिथला झोपाळा दिसल्यावर ती गेलेली असेल. अशी मुलगी मला खरी वाटते. मी तिच्यावर चिडेनही आणि तिला जवळही घेईन.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी माझी नात शेजारी बसून चित्रं काढत होती. ती साडेसात वर्षांची. मी रक्ताबिक्ताचं काही न सांगता तिला एवढंच विचारलं, ‘कायम एवढीच राहिलीस तर?’ तिनं खडू खाली ठेवला, बोटानं वरचा दात हलवला आणि म्हणाली, ‘मग हा पडणार की नाही?’

मी तेव्हापासून त्या दाताचाच विचार करतेय. आठव्या वर्षी तोंडात काय असतं? पुढचे चार दात पडून नवे आलेले, चेहऱ्याला न शोभणारे मोठे. आणि सुळे? ते अजून दुधाचे. वरचे दुधाचे सुळे साधारण दहा ते बाराव्या वर्षी पडतात. म्हणजे तुमच्या यमूचे सुळे, ज्यांवर तिचं पोट आहे, ते दुधाचे दात आहेत. इवलेसे. आणि १९१८ च्या त्या रात्री एखादी दाढ हलत असेल, तर ती आजही हलतेय. शंभर वर्षं ती जिभेनं ती दाढ ढकलते आहे. पडत नाही. आमच्याकडे पडलेला दात कौलांवर फेकायचे. यमूकडे फेकायला दात नाही, आणि आता कौलंही नाहीत. असं एक दृश्य लिहा, मग तिचं वय कुठंही आकड्यात सांगावं लागणार नाही.

असंच रक्ताचं. खर्ड्यातल्या ज्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यात यमू एका धडधाकट रखवालदाराला ‘रिकामा’ करते. बेत पुन्हा तपासा. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. पंचवीस किलोच्या मुलीच्या पोटात ते मावेल कुठं? रक्तदान शिबिरात ३५० मिलिलिटर घेतात आणि चहा-बिस्किट देऊन माणसाला घरी पाठवतात. यमूला तेवढंच पुरत असेल, तर तिला कुणाला मारायची गरज नाही. मग तिच्या हातून जे एखाद-दुसरं मरण झालं असेल ते चुकीनं झालेलं, आवरता न आल्यानं झालेलं. त्याचं तिला काय वाटतं, ते लिहिण्यात अर्थ आहे. नुसतं रक्त उडवण्यात नाही. मुलीच्या तोंडाला रक्त लागलेलं दाखवायचं असेल तर एकदा दाखवा, नीट दाखवा, आणि पुढच्या पानावर आत्याला पदरानं ते तोंड पुसू द्या.

तुमच्यासारखं लिहिणाऱ्या इतरांनाही मी हेच सांगेन की अशा मुलाच्या जगण्यातली खरी अडचण रोजची असते. मोठा माणूस दहा वर्षं तसाच दिसला तर लोक कौतुक करतात. मूल दोन वर्षं वाढलं नाही तर शेजारीण म्हणते, डॉक्टरला दाखवा. म्हणजे आत्याला दर दीड-दोन वर्षांनी घर बदलायला हवं: रामबाग, नारायण बाग, टिळकनगर, सुदामानगर, आणि पहिल्या मोहल्ल्यातली पिढी सरली की पुन्हा रामबाग. घर भाड्यानं घ्यायला मोठं माणूस लागतं, सिमकार्डाला लागतं. आधार कार्डासाठी बोटांचे ठसे पाचव्या वर्षी द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. यमूचं पंधरावं येणारच नाही. आणि वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस विचारणार, ‘बेटा, कौनसे स्कूल में हो?’ भागवतात सनकादिक चौघे वैकुंठाच्या दारात अडवले जातात. वयानं पुराणे, दिसायला पाच वर्षांची पोरं. जय-विजयांना फक्त पोरं दिसली. तो अपमान त्या ऋषींना एकदा सोसवला नाही, शाप देऊन बसले. यमूला तो रोज प्रत्येक दारात सोसावा लागतो.

दारावरून एक प्रसंग सुचवते, पटला तर घ्या. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, हा नियम तुम्ही ठेवलाच आहे. मग नवरात्रातली अष्टमी लिहा. इंदुरात त्या दिवशी घरोघरी कुमारिका शोधत असतात. नऊ जमता जमत नाहीत. एखादी आजी जिन्यावर उभी राहून, दिसेल त्या मुलीला हाक मारते: ‘ये गं बाळ, आत ये.’ दिवेलागणीची वेळ. यमू पायरीपाशी. तिला पाटावर बसवतात, परातीत पाय ठेवून धुतात, पायांना कुंकू लावतात. आजीचे हात गरम, यमूचे पाय गार. आजी म्हणते, ‘अगंबाई, किती गार पडलीस!’ आणि स्वतःच्या पदरात ते पाय चोळायला लागते. समोर खीर-पुरीचं ताट, जे तिला चालत नाही. समोर आजीचं मनगट, जे चालतं. यमू काय करते, ते मी सांगणार नाही. पण तिला आत बोलावलंय, पाया पडून बोलावलंय, हे लक्षात ठेवून लिहा.

उन्हाचा नियम मात्र तुम्ही दगडावरची रेघ समजू नका. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो. ऊन लागून मरण्याची कल्पना १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून रुळली. त्यामुळे हवा तर ठेवा, नको तर सोडा. ठेवलात तर त्याची किंमत दाखवा. यमूच्या भावाला क्रिकेटचं वेड होतं असं लिहिलंय तुम्ही. मग होळकर संघानं चारदा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू इथं खेळले, त्यातलं काहीच तिला बघता आलं नसणार. सगळं उन्हात. पुढं इंदुरात दिव्यांच्या उजेडात सामने व्हायला लागले. ८ डिसेंबर २०११ ला सेहवागनं इथं २१९ केल्या, पण भारताची फलंदाजी दुपारी सुरू झालेली. अंधार पडल्यावर यमू पोचली असेल तर तिच्या वाट्याला वेस्ट इंडीजची फलंदाजी आली.

शेवटाबद्दल. मारावं की नाही, असं तुम्ही विचारलंत. मला हा प्रश्न जरा आत्याच्या तोंडचा वाटला. तिनंही यमूला न विचारता ठरवलं होतं. तुम्ही तसं करू नका. शेवटचा निर्णय कुणाचाही असो, त्याआधी यमूला बोलू द्या, आणि आत्याला ऐकून घ्यायला लावा. ‘मला का ठेवलंस?’ हा प्रश्न तिनं शंभर वर्षांत विचारला नसेल तर का नसेल, आणि विचारला असेल तर आत्यानं दरवेळी काय सांगून टाळला, याची एक वही वेगळी करा. शेवट त्या वहीतून निघेल. एक काळजी घ्या. पुस्तक बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात पडणार असेल, तर मरण म्हणजे सुटका असं यमूच्या तोंडून येऊ देऊ नका. वाचणाऱ्या पोरांपैकी कुणाचं मन त्या दिवशी कुठं असेल, आपल्याला कळत नाही. तुमच्या लेकीलाही हे पुस्तक आत्ता नको. तिला दाताची गोष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट तपासायची राहते. मानमोडीत सरणाला लाकडं पुरत नव्हती, एकेका घरातून दोन-दोन माणसं जात होती, म्हणून आत्याला यमूला उचलून नेणं जमलं हे पटतं. पण मागे राहिलेल्या आईनं काय केलं? मुलगी गेली असं समजून काही विधी केले का, नदीवर पान सोडलं का? आणि हे सगळं चालू असताना यमू कुठून बघत होती? या आईबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. तिलाही विचारलं नव्हतं कुणी.

प्रकाशकांना पत्र लिहा. भांडण नको. वय आठच राहील, प्रेमप्रकरण येणार नाही, त्याऐवजी आत्याची बाजू वाढवते आहे आणि दोन महिन्यांत नवी पन्नास पानं देते, असं लिहा. त्यांना ते नको असेल तर खर्डा परत मागा. असा विषय नीट समजून घेणारं दुसरं कुणी भेटेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल.

आणि एका रात्री अकरा वाजून गेल्यावर सराफ्यात जा. थंडीचे दिवस आहेत, गराडू मिळतोय. सोनारांची दुकानं बंद झाल्यावर पेटणारा हा बाजार तुम्ही यमूसाठी निवडलात ते अगदी बरोबर आहे. मध्यरात्री एकटं मूल दिसलं तरी ज्याचं कुणाला काही वाटत नाही, अशी जागा इंदुरात हीच. पण तुम्ही तो लिहिलाय तुमच्या उंचीवरून: पाट्या, दिवे, कढया, हवेत उडणारा दहीवडा. आठ वर्षांची मुलगी असते सव्वाशे सेंटिमीटरची, चार फुटांच्या जेमतेम वर. गर्दीत एका बाजूला उभ्या राहा आणि तेवढ्या वाका. चेहरे दिसणार नाहीत. पानं-द्रोण धरलेली मनगटं दिसतील, डोळ्यांच्या पातळीवर, चारी बाजूंनी. दुसरं प्रकरण तिथून लिहायला घ्या.